आजीच्या हातचं शेवटचं चीज

कंपाउंडरच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीच्या ऑक्टोबरातला रविवार होता. जुळ्यांचे फोटो घेऊन कंपाउंडर बाईंच्या ऑफिसात बसला होता.

ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. बाई खाजगी तपासाची कामं घ्यायच्या. कंपाउंडरने चाळीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यापासून तो बाईंबरोबर हिंडायचा. त्याच्या हाताला वजन बिनचूक कळे. डोकं सावकाश चालायचं, पण चालायचं.

सातव्या फोटोला दार वाजलं. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा बसचा ड्रायव्हर आत आला. धावत आला होता.

"बाई, चोरी झालीय."

"काय गेलं?"

"चीज."

कंपाउंडर हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"आजी चीज बनवायची," ड्रायव्हर म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या हातचा शेवटचा तुकडा आत्याने फ्रिजमध्ये जपलाय. कोणाला बोट लावू देत नाही. आज तो गायब झाला, आणि आळ आलाय जिच्याशी माझं लग्न ठरायचंय तिच्यावर. ती आज सगळ्यांसाठी बर्गर करतेय. सात वाजता तिचे आई-बाबा तारीख पक्की करायला येणार. आत्या म्हणते, चीज सापडलं नाही तर त्यांना दारातूनच परत पाठवीन."

"मग आत्याचं ऐकू नकोस," कंपाउंडर म्हणाला.

"मला आई-बाप नाहीत. आत्यानेच वाढवलं. तिला दुखवून लग्न करायचं मला जमणार नाही, आणि हिला सोडायचं तर मुळीच नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच. "चला," त्या म्हणाल्या.

आत्या दारातच उभी होती, पदर खोचून.

"यात तपास कसला? काल ती माझ्याकडे तो तुकडा मागत होती. बर्गरवर घालायला. आईचं चीज, बर्गरवर. मी नाही म्हटलं, आणि आज तुकडा नाही. चीज वाइनमध्ये भिजवलेल्या कापडात होतं, आणि तिच्या हाताला वाइनचा वास येतोय. आणखी काय पाहिजे?"

"तुकडा केवढा होता?"

"दोनशे ग्रॅम. दर महिन्याला वजन करते."

"चीजचं वजन?" कंपाउंडरने विचारलं.

"मग काय तुमचं करू?"

बाईंनी पुढचं विचारलं. साडेतीनला आत्याने तुकडा जागेवर पाहिला होता. पाचला लोणी काढायला फ्रिज उघडला, तर जागा रिकामी. चार ते पावणेपाच ती आणि ड्रायव्हर बाहेरच्या खोलीत टेबल ओढत होते, कारण मधली फळी अडकली होती. ड्रायव्हरने खरचटलेला अंगठा दाखवला.

"आणि एक," आत्याने आवाज खाली आणला. "आतल्या खोलीत माझे बाबा आहेत, त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. आईच्या हातचं गेलं म्हटलं तर त्यांना सोसायचं नाही. डॉक्टरांनी हृदयाची भीती घातलीय."

स्वयंपाकघरात कांदा, लोणी आणि रेड वाइनचा असा वास भरला होता की कंपाउंडर दारातच थबकला. मागच्या पायरीवर ड्रायव्हरची वाग्दत्त वधू बसली होती. ती बेकरीत पाव भाजायची. कोपराला पीठ तसंच होतं.

"रडून झालं का?" बाईंनी विचारलं.

"रडत नाहीये. सहा कांदे चिरलेत."

"बरं. सकाळपासून काय केलंस ते सांग. बर्गरसकट."

ती सांगायला लागली, तसा तिचा आवाज सुधारत गेला. "काकांनी खिमा आणला, बाराशे ग्रॅम. तीन वाजता दीडशेच्या आठ पॅटी केल्या. माझ्यासकट घरातले पाच, माझे आई-बाबा, आणि काका दोन खातात. खिमा दाबायचा नाही, हलक्या हाताने जमवायचा. प्रत्येक पॅटीच्या मधोमध अंगठ्याने खळगा करायचा. नाहीतर तव्यावर फुगून चेंडू होतो आणि वरचं चीज घसरतं. झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या. चारला पाव आणायला बेकरीत गेले, पावणेपाचला परत आले. कांदे लोण्यात परतून त्यात वाइन ओतली, जॅमसारखी आटेपर्यंत. तेवढ्यात आत्याबाईंनी फ्रिज उघडला. त्यानंतर मी कशालाही हात लावला नाही."

"वर घालायचं चीज?"

"दुकानातलं. निळ्या शिरांचं. ते आहे जागेवर."

पायरीसमोर दोरी होती. तीन फडक्यांच्या शेजारी एक जांभळट डागांचं पांढरं कापड निथळत होतं. बाईंनी ते हुंगलं. वाइनचा वास होता, साबणाचा नव्हता.

"हे तू धुतलंस?"

"नाही. माझं नाहीच ते."

बाईंनी फ्रिजमधला ट्रे काढून झाकण उचललं.

"वा," कंपाउंडर म्हणाला. "कडा बघा. फूटपट्टी लावावी अशा सरळ. आणि वरून इस्त्री मारल्यासारख्या."

"एक उचला. किती भरेल?"

कंपाउंडरने पॅटी तळव्यावर घेतली. "पावणेदोनशे." काट्यावर ठेवली, तर एकशे पंचाहत्तर भरली. तो पोरीकडे वळला. "तुझा काटा बिघडलाय गं."

बाईंनी अर्ध्या किलोचं न फोडलेलं साखरेचं पाकीट काट्यावर ठेवलं. बरोबर पाचशे. मग त्यांनी ट्रे झाकून परत ठेवला.

काका मागच्या अंगणात स्कूटर धूत होता. आत्याचा हा धाकटा भाऊ खाटीक होता, लग्नाच्या भानगडीत न पडलेला.

"मी दिवसभर मांसात हात घालतो बाई, पण त्या तुकड्याच्या वासाने माझं पोट ढवळतं. फ्रिज उघडताना श्वास धरतो मी. घेतला असता तर चिमट्याने उचलून कापडासकट कचऱ्यात टाकला असता."

"पॅटींना हात लावलात?"

"खिमा करेपर्यंत माझं काम. थापाथापी आपल्याला येत नाही."

"चार ते पावणेपाच कुठे होता?"

"इथेच, स्कूटर धूत."

"कोणी पाहिलं?"

"स्कूटरने."

आजोबांची खोली स्वयंपाकघराला लागून होती. ते गळ्याशी रुमाल खोचून पलंगावर बसले होते. जेवणाला अजून दीड तास होता.

"पोरगी तव्यावर कधी टाकणार?" त्यांनी विचारलं.

"टाकेल. आजोबा, आजी चीज करायच्या म्हणे. तुम्ही काय करायचात?"

"मी हमाल." म्हातारा खुलला. "तळघरात सत्तर चाकं असायची चीजची. एक दिवसाआड प्रत्येक उलटवायचं, कड तळव्याने थोपटून सरळ करायची. कापडं थंड पाण्यात धुवायची. साबण लावला की ही महिनाभर बोलायची नाही."

"लावलात कधी?"

"दोनदा. मुद्दाम."

साडेसहाला बाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, आजोबांनाही. आत्याने डोळे वटारले. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"तवा तापव आणि एकच पॅटी टाक," त्या पोरीला म्हणाल्या.

"ती माझी दुसरी असणार," काका पुटपुटला.

पोरीने ट्रे उघडला आणि हात आखडला. "या मी केलेल्या नाहीत. खळगे कुठे गेले?"

"तेच मी सांगणार आहे. तू टाक."

पॅटी तव्यावर चरचरली. बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"चोर चीज घेऊन गेला असं सगळे समजत होतो. पण चोर कधी रिकामं कापड धुऊन वाळत घालत नाही. कापड नुसत्या पाण्यात धुतलंय, साबण न लावता. ही या घरातल्या चीजवाल्यांची सवय. या पोरीला ती ठाऊक नाही, आणि खाटीककाकांनी ते कापड हातानेसुद्धा उचललं नसतं. मग तुकडा गेला कुठे? खिमा होता बाराशे ग्रॅम, पॅटी आठ. दीडशेची एक व्हायला हवी. भरली पावणेदोनशे. काटा बरोबर आहे, मी तपासला. प्रत्येकीत पंचवीस ग्रॅम जास्त. आठ पंचवीस किती, कंपाउंडर?"

"दोनशे," कंपाउंडर म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे चीज पॅटीत आहे," आत्या पुढे सरसावली. "मग हिनेच घातलं."

"हिने घातलं असतं तर खळगा केला असता. जो माणूस सांगताना खळगा विसरत नाही, तो करताना विसरेल का? कोणीतरी पॅटी उघडल्या, आत चीज भरलं आणि पुन्हा थापल्या. ज्याला बर्गर माहीत नाही, पण हाताला एकच वळण आहे अशा कोणीतरी. वरून सपाट, कडा थोपटून सरळ. आठ छोटी चीजची चाकं केली त्याने. आत्याबाई, तुम्ही दोघं त्या वेळी टेबलाशी होतात. उरलं कोण?"

सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या.

"आळ या पोरीवर आला?" आजोबांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. "मला कोणी सांगितलंच नाही."

"तुमच्या हृदयाला जपत होते सगळे," बाई म्हणाल्या.

आजोबा उठून पोरीसमोर गेले. "चुकलो गं. वाटलं, पहिला घास खाल्ला की सांगेन. काल तू तुकडा मागितलास ते मी भिंतीआडून ऐकलं. दोन वर्षांत तो खायचा आहे असं म्हणणारी तू पहिलीच."

"मला विचारायचं होतं, बाबा," आत्या म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस. तो तिकडे वाळत चालला होता. तुझ्या आईने आयुष्यात एक चीज बघायला म्हणून केलं नाही. तिचं शेवटचं मला सगळ्यांबरोबर खायचं होतं, माझी जीभ शाबूत आहे तोवर."

पॅटी फुगून चेंडू झाली होती. पोरीने ती लोणी लावलेल्या पावात ठेवली, वर वाइनमधला कांदा घातला. दुकानातलं चीज तिने हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. सुरी फिरवली, तसं आतलं चीज बशीत ओघळलं.

पहिला तुकडा तिने आत्यापुढे धरला.

आत्याने तो खाल्ला. बराच वेळ चावला. मग पाठ फिरवून नळ सोडला आणि उगाच एक स्वच्छ पेला विसळला.

"तुझ्या आईला तिखट चालतं का?" तिने वळून न बघता विचारलं. "मिरपूड काढून ठेवते. आणि ते बाहेरचं टेबल पुसून घे, सात वाजत आले. अशी बघतेस काय? तूच."

"हो, आत्या," पोरगी म्हणाली. आतापर्यंत ती तिला आत्याबाई म्हणत होती.

काकाने श्वास धरून घास घेतला, मग श्वास सोडला, आणि उरलेला अर्धा आपल्याकडे ओढला. कंपाउंडरला बोटभर मिळालं. तो परत जाताना जुळ्यांबद्दल एक शब्द बोलला नाही.

तारीख त्याच संध्याकाळी ठरली. मार्चच्या पहिल्या शनिवारी लग्न झालं. बाई आणि कंपाउंडर जेवायला होते. आजोबा दोन्ही पंगतींना बसले.

आजोबा त्याच वर्षी, लग्नानंतर आठ महिन्यांनी, नोव्हेंबरच्या चार तारखेला सकाळी गेले. वय एक्क्याऐंशी होतं.