सरळ रेघ

प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या दुपारी आंबरी गावाची भीती दिसायला हवी होती. वरच्या धरणाच्या भिंतीला तडा गेल्याची बातमी येऊन बराच वेळ झाला होता. सरकारी इशारा गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. जीप गल्लोगल्ली फिरून पुकारा करत होती की दिवस मावळायच्या सुमारास पाणी गावात शिरेल, सगळ्यांनी खंडोबाच्या टेकडीवर जावं. आणि पडद्यावरची भीतीची रेघ सरळ, आडवी, निवांत पडून होती.

शाल्मली टेंबे त्या रेघेकडे डोळे लावून उभी होती. तिचे वडील आंबरीतच राहत होते.

शाल्मली जाहिराती लिहायची आणि त्यात तिचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं. तिने एक बीजवाक्य द्यायचं आणि पुढचं काम भावलेखक नावाच्या यंत्राने करायचं, अशी इथली रीत होती. माणसाच्या मनगटावरचा पट्टा त्याची नाडी आणि त्वचेचा ओलावा टिपत राही. कुठल्या शब्दाला कुठली भावना हलते हे त्यावरून यंत्राला कळे. भावना हलवणाऱ्या अशा जागांना इथे भावकळ म्हणत. यंत्र प्रत्येक माणसाची भावकळ शोधायचं आणि बरोबर तीच दाबणारी जाहिरात त्या एकट्यासाठी रचायचं. चाचणीसाठी आंबरी निवडली गेली. पट्ट्यावर तब्येतीची तपासणी फुकट होती, त्यामुळे गावाने हौसेने पट्टे बांधून घेतले. पहिल्या वर्षी विक्री इतकी वाढली की साहेबांनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी ती घसरायला लागली, तेव्हा कारण शोधायला मेंदूविज्ञानाचे डॉ. इस्माईल बागवान यांना बोलावण्यात आलं. ते शांत स्वभावाचे होते आणि साहेबांना मुळीच आवडत नसत.

"पट्टे बिघडलेत का, डॉक्टर?" शाल्मलीने विचारलं.

"पट्टे ठीक आहेत. ही भावझीज आहे. मी अहवालात लिहिलं होतं, पण तो कुणी वाचला नाही." बागवानांनी खुर्ची पुढे ओढली. "असं बघा, दाराची बेल वाजली की तुम्ही उठता. दारात कुणीच नसतं. पुन्हा वाजते, पुन्हा कुणी नाही. काही दिवसांनी बेल ऐकू येते, पण पाय उठत नाहीत. भावनेचं तसंच आहे. आजच घ्या नाहीतर पस्तावाल, असं आपण त्यांना रोज सांगितलं आणि पस्तावायची वेळ कधी आलीच नाही. भीतीची बेल आपण फुकट वाजवून संपवली."

"म्हणजे इशारा त्यांना समजलेलाच नाही?"

"समजलाय. पाणी येणार हे त्यांना पाठ आहे. फक्त ते त्यांना लागत नाहीये."

शाल्मलीने वडिलांना, अप्पांना, फोन लावला. अप्पांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं तरी उघडलेल्या यंत्रात डोकं घालून बसायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यांनी इशारा वाचला होता. तो तिला शब्दन् शब्द म्हणूनही दाखवला.

"मग निघा ना, अप्पा."

"निघू की. चहा टाकलाय."

"अप्पा, ऐका ना. मला भीती वाटतेय." तिचा आवाज फुटला.

"बरं," अप्पा म्हणाले. हवामानाचा अंदाज ऐकल्यावर म्हणावं तसं म्हणाले.

बागवानांनी तोवर अप्पांच्या रेघा पडद्यावर घेतल्या होत्या. मायेची रेघ भीतीसारखीच सपाट होती. शाल्मलीला कारण कळायला वेळ लागला नाही. घरातल्या धोक्याची सूचना देणाऱ्या एका यंत्राची जाहिरात तिने लिहिली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ते खपवायचं होतं. बीजवाक्य काही केल्या सुचेना, म्हणून तिने स्वतःचंच वाक्य दिलं होतं: अप्पा, ऐका ना, मला भीती वाटतेय. कुणाची लेक बापाला बाबा म्हणे, कुणाची दादा, यंत्राने तेवढा बदल केला. अप्पांच्या बाबतीत तोही करावा लागला नाही. दोन वर्षं रोज सकाळी तिची हाक त्यांच्या फोनवर वाजत होती आणि दर वेळी दारात कुणीच नव्हतं.

तिला स्वतःची शिसारी आली. पण शिसारी कवटाळून बसायला वेळ नव्हता.

"अशी एकही भावकळ नाही का, जी आपण दाबली नाही?"

बागवानांनी एकेक रेघ खाली सरकवली. लाज, हाव, अभिमान, मत्सर, सगळ्यांची वाट लागलेली होती. तळाशी एक रेघ मात्र ताजी, वर-खाली नाचत होती. ती कुतूहलाची होती.

शाल्मलीला नवल वाटलं नाही. हा तर धंद्याचा पहिला धडा होता. कुतूहल जागं झालेला माणूस वाचत बसतो, प्रश्न विचारतो, घेत काही नाही. यंत्राला विक्रीशीच मतलब, त्यामुळे त्याने ही भावकळ बिनकामाची म्हणून सोडून दिली होती.

तिने भावलेखक बंद केला आणि स्वतः लिहायला बसली. टेकडीवर जुन्या नाण्यांचा हंडा सापडला आहे, असं तिने झरझर लिहिलं.

"सापडलाय का?" बागवानांनी विचारलं.

"डॉक्टर, माणसं वाचवायची आहेत."

"आज वाचतील. पण वर हंडा नसला तर ही शेवटची बेलही गेली. मग त्या गावाला कशानेच हलवता येणार नाही."

टेकडीवर खरोखर असेल असं काहीतरी हवं होतं. टेकडीवर देऊळ होतं, दोन चिंचा होत्या आणि तिथून खाली गाव दिसायचं. शाल्मली थबकली. तिने हंडा खोडला आणि नवं लिहिलं.

"दिवस मावळायच्या आत खंडोबाच्या टेकडीवर या. तिथून आज आपली आंबरी अशी दिसणार आहे, जशी आजवर कुणीच पाहिलेली नाही. ज्यांना चालवत नाही त्यांना उचलून आणा. गुरांची दावी सोडून निघा. का, ते वर आल्यावर कळेल."

बागवानांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनीच संदेश पाठवला.

कुतूहलाची रेघ टेकडीसारखी उभी चढली. शेजारच्या नकाशावर पट्ट्यांचे ठिपके घरांतून निघाले, रस्त्यावर आले, एकमेकांना विचारत, तर्क लढवत वर सरकू लागले. अप्पांचा ठिपका पुढच्यांत होता. उकळता चहा ते तसाच टाकून निघाले असणार.

दिवस मावळताना पाणी आलं.

पडद्यावर भीतीची रेघ तेव्हाही हलली नाही. कुतूहलाची मात्र वरच राहिली, कारण या वेळी बेल वाजली तेव्हा दारात खरंच कुणीतरी होतं. अप्पांचा फोन आला.

"शालू, संदेशात होतं तसंच दिसतंय. आपलं छप्पर बुडालं. नुसता पाण्याच्या टाकीचा माथा वर आहे."

"अप्पा, तुम्ही वर आहात ना? मला वाटलं, तुम्ही..." ती हमसून रडायला लागली.

तिने भिजल्या डोळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मायेची रेघ सपाटच होती. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता.

"तू रडतेयस," अप्पा म्हणाले. बिघडलेला रेडिओ पुढ्यात आला की लागायचा तसा त्यांचा सूर लागला होता. "का गं? कशासाठी?"

तळाची रेघ हळूच वर चढली आणि तिथेच थांबून राहिली.

शाल्मलीने डोळे पुसले. या बेलला दार उघडायलाच हवं होतं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि अगदी पहिल्यापासून, एकही शब्द न सजवता, त्यांना सांगायला सुरुवात केली.