आतली फळी

हातमोज्यांच्या कारखान्याचे फ्लॅट होऊन दीड वर्ष झालं होतं. फ्लॅट म्हणायचं नाही हं, लॉफ्ट. जाहिरातीत तसंच छापलं होतं: अठरा फूट उंच छत, उघड्या विटा, जुन्या लोखंडी तुळया. पूर्वी ज्या गल्लीतून लोक नाकाला रुमाल लावून जात, तिथं आता कॉफीसाठी रांग लागायची. हे सगळं ज्या आर्किटेक्टनं घडवलं, त्यानं तिसऱ्या मजल्यावरचा एक लॉफ्ट स्वतःसाठी ठेवला आणि आईला राहायला आणलं.

आईनं याच कारखान्यात, याच मजल्यावर, एकतीस वर्षं हातमोज्यांचे अंगठे शिवले होते. इमारतीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. “आई शिवणकाम करायची,” एवढंच तो सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, हौसेनं. मनातून मात्र त्याला वाटत होतं की जिथं ती मान मोडून राबली, तिथं आता मालकीण म्हणून मिरवेल. आई कसली मिरवते! पहिल्याच दिवशी ती तळमजल्यावरच्या भिंतीपाशी थबकली.

भिंतीवर कारखान्याच्या दोन लाकडी फळ्या होत्या. एकीवर ‘बाहेर’ रंगवलेलं, दुसरीवर ‘आत’. भंगारात निघालेले कामगारांचे पितळी बिल्ले त्यानं स्वतः घासून चकचकीत केले होते आणि झाडून सगळे आतल्या फळीवर टांगले होते, कारण दिव्याचा उजेड तिच्यावर छान पडायचा. खिळे दोनशे बारा, बिल्ले दोनशे अकरा. एक खिळा बोडका दिसत होता, म्हणून आईच्या पेटीतला तिचा एकशे सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला त्यानं गुपचूप आणून तिथं लावला. आईला चकित करायचं होतं.

“हे कुणी टांगले?” आईनं विचारलं.

“मीच. एकेक घासून.”

“सगळे आत?” आईचा आवाज उतरला. “अरे, कामावर आलं की आपला बिल्ला आपल्या हातानं आत लावायचा. सुटलं की आपल्याच हातानं बाहेर. कुणाला लवकर पळायचं असलं आणि मैत्रिणीनं तिचा बिल्ला बाहेर लावला, की मुकादम मैत्रिणीला पकडायचा. मग तू बस म्हणायचा तिच्या जागी, बदली.”

“आई, शोभेला आहेत ते.”

“आत लावलेत म्हणजे आत आहेत. आता त्यांना बाहेर कोण काढणार?”

तो हसला. आई हसली नाही.

पहिल्यांदा बिघडली ती लिफ्ट. दोन माणसं चढली की आतल्या स्पीकरमधली बाई गोड आवाजात सांगायची, “वजन जास्त आहे. कृपया एकानं बाहेर यावं.” लिफ्टवाला कारागीर दोनदा आला, सगळं तपासून ‘ठीक आहे’ लिहून गेला. तिसऱ्यांदा आला तो जिन्यानं.

मग सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. आर्किटेक्टनं जमिनीला तळहात लावून पाहिला. खालून एकसारखे ठोके येत होते, शेकडो पायांनी शिलाई मशिनं चालवावीत तसे. त्यानं नकाशे काढले, पंप तपासले, रस्त्यावरच्या ट्रकांच्या वेळा लिहून ठेवल्या. कशाचा कशाला मेळ बसेना. जिन्यात कच्च्या चामड्याचा आणि मशिनच्या तेलाचा वास यायचा. रहिवाशांच्या उजव्या तर्जनीवर बारीक लाल ठिपके उमटू लागले. ढेकूण असतील म्हणून औषध फवारून झालं. ठिपके वाढले.

भूत हा शब्द कुणी काढला नाही. एवढे पैसे मोजलेली माणसं भूत म्हणत नाहीत, ‘व्यवस्थापनाचा ढिसाळपणा’ म्हणतात. एकमेकांशी बोलणं तुटलं, दारं धाडधाड आपटू लागली. राग काढायला कुणीतरी लागतंच, आणि समोर आई होती. रोज सकाळी ती त्या फळीसमोर बसून राहायची.

“तुमच्या आईंना जरा वर बसवा,” सोसायटीच्या अध्यक्षबाई त्याला म्हणाल्या. “येणारे-जाणारे विचारतात, ही कोण म्हणून.”

“सांगा ना, माझी आई आहे.”

“हो, पण तसं वाटत नाही ना बघून.”

त्याला संताप आला, पण मान खाली घालून तो आईला वर घेऊन गेला. पुढं कितीतरी दिवस त्यानं त्याबद्दल स्वतःला शिव्या घातल्या. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! आईची कामाची जागा वरच तर होती.

तिनं स्टूल ओढून तिसऱ्या खिडकीपाशी नेलं. सात-दहाला ती तिथं बसायची, उजवा पाय हलू लागायचा, रिकामे हात चिमटीत काहीतरी धरून पुढं सरकवायचे. आधी दुपारपर्यंत, मग दिवसभर. जेवायला हाक मारली तर म्हणायची, “सुट्टी नाही झाली.” डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. त्यानं तिचा हात हातात घेतला. नोकरी सुटल्यावर मऊ पडलेले ते घट्टे पुन्हा दगडासारखे झाले होते आणि तर्जनीची चाळण झाली होती.

“आई, मी बाब्या.”

तिनं वर पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती, नुसती भीती होती. “खाडा लावू नका, साहेब. घरी पोरगं एकटं आहे.”

तो तिथंच जमिनीवर बसून रडला. मग त्यानं हात जोडले, खाली चल, तुझ्या हातानं बिल्ला बाहेर लाव. “भोंगा झाल्याशिवाय उठायचं नसतं,” आई म्हणाली. भोंगा त्यानंच उतरवला होता. गच्चीवर त्याची कुंडी केली होती.

दुपारी चार वाजता तो जिना उतरला. ही म्हातारपणाची समजूत आहे, त्यानं स्वतःला बजावलं, आणि समजूत तर समजूत, आईसाठी एवढं करायला काय जातं? त्यानं एकशे सत्तेचाळीस नंबर आतल्या फळीवरून काढला. पितळ गरम होतं, मुठीत दाबून ठेवल्यासारखं. तो त्यानं बाहेरच्या फळीवर लावला.

ठोके थांबले.

लिफ्ट खाली आली. दार उघडलं आणि आई बाहेर आली. चेहरा स्वच्छ, डोळे जागे.

“बाब्या? अरे, कुठं आहेस?”

“हा काय, इथंच.”

ती त्याच्या अंगावरून पुढं गेली. पहारेकऱ्याला म्हणाली, “माझा मुलगा दिसला का हो?”

“आत्ता इथंच होते, आजी. बाहेर गेले असतील.”

काचेचं दार तिच्यासाठी आपोआप सरकलं. तो मागोमाग धावला. दार मिटलं. त्यानं हात हलवला, दारासमोर उडी मारली, काचेवर मुठी आपटल्या. दार हललं नाही. पहारेकऱ्यानं जांभई दिली.

आईनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग ती वळली आणि काचेतून, त्याच्या आरपार, भिंतीकडं बघत राहिली.

त्यानंही वळून पाहिलं. आतल्या फळीवर तिचा खिळा रिकामा नव्हता. तिथं एक नवाच बिल्ला होता. नंबर नाही. एकच शब्द कोरलेला: बदली.

मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आईनं तोंडावर हात धरला होता. पुढच्याच क्षणी ती आत आली, पायांत वय नसल्यासारखी.

“आई, नको! हात लावू नकोस!” तो ओरडला.

रिकामी लिफ्ट उघडीच होती. “वजन जास्त आहे,” आतली बाई म्हणाली. “कृपया एकानं बाहेर यावं.”

आईनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या, कामाला बसण्याआधी सारायची तशा, आणि ‘बदली’च्या बिल्ल्याकडं हात नेला.