सरळ बोलायचं कधी?

बुलढाण्याच्या नाक्यावर सगळंच अडकलं होतं. दोन एसट्या, एक ट्रक, आणि मधोमध आडवा कोबीनं भरलेला पिकअप! मला क्लासला उशीर होत होता. शेवटी मी जीपमधून उतरले.

"ओ भाऊ, मागं घ्या! थांबा! आता डावीकडं... डावीकडं म्हटलं ना!"

रस्ता मोकळा झाला. पिकअपवाल्यानं खिडकीतून मान काढली. असा हसला — की चीडच यावी.

"मॅडम, तुम्ही तं विमानं उतरवाले पायजेत."

"त्याचीच तयारी करून राह्यली," मी फणकारले. "विमानतळाच्या टॉवरमधून पायलटले रस्ता सांगायची."

तो देऊळघाटचा अश्वजित. माझं घर चिखलीला, त्याचा मालही चिखलीला जायचा. मग तो मला सोडू लागला... आणि "भाऊ" म्हटल्याचा मला पश्चात्ताप होऊ लागला.

"टॉवरमधी कसा माणूस लागते?" त्यानं एकदा विचारलं.

"डोकं थंड पायजे. निर्णय चटकन. अन् बोलणं असं, का दुसरा अर्थच निघू नये."

"समता... मले असं वाटून राह्यलं, का..." त्यानं गिअर बदलला. "जाऊ दे."

"काय जाऊ दे?"

"कोबी लई स्वस्त झाली."

देवा! असं वर्षभर चाललं. परीक्षा झाली, आवाजाची चाचणी झाली, माझी निवड झाली. याचं वाक्य काही पूर्ण होईना.

ट्रेनिंगला उत्तरेकडं निघायच्या दिवशी तो चिखलीच्या स्टँडवर आला. रेल्वे जालन्याहून होती. मी जालन्याच्या एसटीत, तो खिडकीखाली.

"तिकडं थंडी असते म्हणे."

"हाव."

"स्वेटर घेतलं?"

"घेतलं!"

"अन् मफलर..."

"अश्वजित!" मी ओरडले. "मी चालली न बे आता!"

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. अश्वजितचा चेहरा लालबुंद झाला.

"तू मले आवडते! माह्याशी लगन करशील?"

अख्खी गाडी वळून पाहू लागली.

"करीन," मी म्हटलं.

घंटी वाजली. तो धावला, दार धरून आत चढला, आणि जालन्यापर्यंतचं तिकीट काढून शेजारी येऊन बसला. देऊळगाव राजा मागं पडलं. मग त्यानं हळूच माझा हात हातात घेतला.

"काऊन रडून राह्यली?" तो घाबरला.

"रागानं," मी म्हटलं... आणि हात सोडवला नाही.