जोड नसलेली फरशी

भिंतीकडचा तेवढा एक दिवा राहू दे, बाकीचे घालवा. ज्याला झोप येत असेल त्यानं आत्ताच उठावं. मधेच उठून मला थांबवायचं नाही.

माझ्या ओळखीचा एक सायकलवाला होता, म्हणजे आहे अजून. बाजाराच्या टोकाला दुरुस्तीचं छोटं दुकान. माणूस सरळमार्गी. हातातला पाना आणि तोंडातली शिट्टी, दोन्ही दिवसभर चालू. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

एका रविवारी सकाळी तो फरशीवाल्या मिस्त्रीबरोबर वखारीत गेला. घरात मोझॅक करायचा होता. हल्ली त्याला टेराझो म्हणायची फॅशन आहे, काम तेच. संगमरवराचे बारीक तुकडे सिमेंटात कालवायचे, जागेवर अंथरायचे, सुकले की मशीननं घासून आरसा करायचा. वखारीत पोत्यांची रांग लागली होती. पांढरे तुकडे, काळे, पिवळे, कलेजीच्या रंगाचे. सायकलवाला मूठ भरून बघायला लागला, तर मिस्त्रीनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"कोरडं बघाल तर फसाल. पॉलिश झाल्यावर असं दिसणार."

पांढरा ठरला, त्यात थोडा पिवळा.

"मधे काचेच्या पट्ट्या टाकू ना? चौकोन पाडायला?" मिस्त्रीनं विचारलं.

"नको. आईला दिसत नाही. पट्टी वर आली तर पाय अडकेल तिचा. सगळं एकसंध कर."

"पट्टी नसली की तडा जायची भीती असते बरं का."

"जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

मिस्त्री हसला. "नाही जाणार. खाली तळच असा घालतो, की ही फरशी तुम्हा सगळ्यांना पुरून उरेल."

त्यावर दोघंही हसले. बोलण्याची पद्धत असते एकेकाची.

आता आईचं सांगतो. सायकलवाला शाळेत असतानाच तिची दृष्टी गेली. पण घरात तिला आंधळी म्हणायची कुणाची छाती नव्हती. जुना सिमेंटचा कोबा होता, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेला, कुठं उंच कुठं सखल, भेगा पडलेला. तो तिला पायानं पाठ होता. दारातून आत आलं की एक खोलगट जागा. तिथून एक भेग निघायची, ती धरून गेलं की स्वयंपाकघर. खरखरीत लागलं की खाट जवळ आली. काठी ती फक्त रस्त्यावर वापरायची. घरात कपबशी भरून चहा आणायची, थेंब सांडायचा नाही.

पण कोबा फार फुटला होता. एक दिवस त्यातच सायकलवाल्याच्या बायकोचा पाय अडकला आणि उकळत्या पाण्याचं पातेलं पायावर आलं. महिनाभर बिचारी भिंतीला धरून चालत होती. तेव्हा सासूच म्हणाली, "करून टाका रे नवीन. माझ्यासाठी अडू नका. मी काय, चार दिवसांत शिकेन."

म्हणजे बघा, कुणाचंच काही वाईट नव्हतं. सगळे एकमेकांचा विचार करत होते.

आईला ताईकडे, म्हणजे सायकलवाल्याच्या थोरल्या बहिणीकडे, पाठवलं. कोबा उखडला. ट्रॉली भरभरून राडारोडा गेला. तळ झाला, वर त्या संगमरवरी तुकड्यांचा थर बसला, त्यावर पाणी तुंबवून ठेवलं. मग मशीन आलं. आधी जाड दगडानं घासलं, बारीक भोकं भरली, पुन्हा घासलं, पुन्हा भरलं. घरभर पांढरा चिखल. शेवटी पॉलिशचा हात फिरला आणि खोली एकदम दुप्पट झाल्यासारखी वाटली. खिडकी फरशीतसुद्धा दिसायला लागली. शेजारीपाजारी चपला बाहेर काढून बघून गेले.

सायकलवाला आईला घेऊन आला. तिनं उंबरठा ओलांडला. पाय टेकला.

थांबली.

पाय जरा डावीकडे नेला. जरा उजवीकडे.

"कोणाकडे आणलंस रे मला?"

"आई, आपलंच घर. नवी फरशी."

"हो का," ती म्हणाली. आणि दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. पाहुणी बसते तशी. अंग चोरून.

चार दिवस गेले, महिना गेला. ती काही शिकली नाही. एवढी सपाट जमीन, पायाला सांगणारं तिथं काही नव्हतंच. स्वयंपाकघरात जायला निघायची आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीशी उभी राहायची. आवाजसुद्धा वेगळा घुमायचा. त्यांनी काथ्याच्या पट्ट्या अंथरून बघितल्या. ती सुनेच्या कानात म्हणाली, "या लोकांकडे पायपुसणी फार, नाही?" सून हसली आणि मग मोरीत जाऊन रडली.

संध्याकाळ झाली की विचारणं सुरू. "निघू या का आता? फार वेळ बसलो यांच्याकडे."

सायकलवाला समजावून थकला. कधी ओरडलासुद्धा. मग त्यानं मिस्त्रीच्या त्या तड्याची वाट बघायला सुरुवात केली. एखादा तडा जाऊ दे, तेवढाच तिच्या पायाला ओळखीचा होईल. पण मिस्त्रीनं काम चोख केलं होतं.

थंडीत आई गेली. शेवटी शुद्धीत होती. मुलाचा हात हातात घेऊन म्हणाली, "सगळं केलंस रे. फक्त घरी तेवढं न्यायला हवं होतंस."

आता… इथून पुढचं.

मंगळवारची रात्र होती. आई जाऊन तीन आठवडे झालेले. सायकलवाल्याला जाग आली, घड्याळात पावणेदोन. बाहेरच्या खोलीत आवाज येत होता. भिंतीवरून तळहात फिरवल्याचा. मग अनवाणी पायाचा. पॉलिशवर ओलसर पाय कसा चिकटून सुटतो, तसा.

त्याला वाटलं, बायको उठली. हात लांब केला. बायको शेजारीच झोपलेली.

तो उठला. बाहेर आला, दिवा लावला. कुणी नाही. खुर्ची, खिडकी, फरशीत दिव्याचं प्रतिबिंब. आवाज बंद.

दिवा घालवला.

आवाज सुरू.

भिंतीवरून हात… पाऊल. हात… पाऊल.

"आई?"

थांबलं.

"अहो…" अगदी समोरून आवाज आला. तिचाच. पण परक्याशी बोलतात तसा, संकोचलेला. "कोणी आहे का घरात? माफ करा हं. मी चुकून शिरले."

तो आवाजाच्या दिशेनं एक पाऊल सरकला.

"मला दिसत नाही हो. जरा दारापर्यंत सोडता का?"

त्यानं काळोखात हात पुढे केला. का केला, ते त्यालाही सांगता आलं नाही. आणि हातात हात आला. लहानसा. गार. आईचाच.

तो चालला. ती चालली. दार उघडलं. तिनं पायानं उंबरठा चाचपला.

"उपकार झाले," ती म्हणाली. आणि हात सुटला.

बाहेर रस्ता मोकळा. चांदणं होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

त्याला वाटलं, सुटली. सकाळी बायकोला सांगितलं, दोघं रडले आणि पोटभर जेवले.

तिसऱ्या रात्री पुन्हा हात भिंतीवरून फिरला.

"माफ करा हं. पुन्हा चुकून शिरले. बाहेर पडले की फिरून इथंच येते बघा."

मग ते रोजचंच झालं. बायको अंथरुणात तोंड झाकून पडायची, हा उठून हात द्यायचा, दारापर्यंत सोडायचा. एका रात्री त्याचा बांध फुटला. तिचा हात घट्ट धरून म्हणाला, "आई, मी आहे गं! तुझा मुलगा! हे आपलंच घर आहे!"



मग हात हळूच सोडवून घेतला तिनं.

"असं नका हो म्हणू," ती म्हणाली. "माझा मुलगा घरी वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हा मिस्त्रीकडे. "फोड."

"अहो, काय झालं? तडा गेला?"

"नाही गेला. म्हणून फोड."

मिस्त्री घण घेऊन आला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, पण याचा चेहरा बघून त्यानं जास्त विचारलं नाही. दुपारपर्यंत दाराजवळचा एक तुकडा कसाबसा निघाला. खाली नवा तळ, त्याखाली माती. जुना कोबा कुठून असणार? तो केव्हाच कुठल्या रस्त्याच्या भरावात गेला होता.

"मग मला इथं खोलगट करून दे," सायकलवाला म्हणाला. "पहिल्यासारखं."

"किती खोल? नक्की कुठं?"

सायकलवाला दारात जाऊन उभा राहिला. दारातून डावीकडे होती ती जागा, का सरळ? भेग खुर्चीखालून जायची, का अलीकडून? बायको म्हणाली डावीकडे. तो म्हणाला सरळ. सगळा जन्म त्या कोब्यावर गेला होता, पण त्याला डोळे होते. त्याचे पाय काहीच शिकले नव्हते. ज्या एका माणसाला तो कोबा माहीत होता…



तरी केलं त्यानं. मिस्त्री गेल्यावर स्वतः थापीनं सिमेंट ओढलं, अंदाजानं खोलगा केला. बोटानं भेग काढली, स्वयंपाकघराच्या दिशेनं, निघालेल्या तुकड्यापुरती. सुकू दिली. तोवर दोघं ताईकडे राहिले. परत आले त्या रात्री खुर्चीत जागा बसला. अंधारात.

हात भिंतीवरून आला. पाऊल. पाऊल.

खोलगट जागेत पाय पडला.

थांबला.

त्यानं श्वास धरला. पाय तिथं फिरला. गोल. हळू. पुन्हा एकदा. "हं…" असा आवाज आला. घरच्या माणसासारखा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मग पाऊल पुढे पडलं. भेगेवर. आणखी एक.

आणि…

"नाही," ती म्हणाली. "हे नाही."

त्यानंतर ती बोलली नाही. त्या रात्री नाही, पुढे कधीच नाही. हात पुढे केला तरी हातात हात आला नाही. नुसती फिरायची. पहाटेपर्यंत. भिंत, वळण, भिंत. त्याला समजलं, तिनं विचारणं सोडून दिलं.

बायकोची तब्येत ढासळली. शेवटी घराला कुलूप लावलं आणि दोघं दुकानामागच्या खोलीत राहायला आले. तिथं तो शांत झोपायचा. मी त्याच्या बायकोला मुद्दाम विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, "कूस बदलत नाहीत हो. मेल्यासारखे झोपतात."

वर्षभरानं घराला गिऱ्हाईक आलं. घर दाखवायच्या आधी साफ करून घ्यावं, पॉलिशचा एक हात फिरवावा, म्हणून सायकलवाला, मिस्त्री आणि मी असे तिघं गेलो. हे मात्र माझ्या डोळ्यांदेखतचं. भरदुपार होती. कुलूप त्यानंच काढलं, गंजलं होतं. खिडक्या उघडल्या. फरशीवर धूळ, दाराजवळ त्याचं ते सिमेंटचं ठिगळ, बाकी काही नाही. मिस्त्रीनं बादलीभर पाणी मारलं आणि खराट्यानं ओढलं.

ऊन पाण्यावर पडलं.

मिस्त्री खाली बसला. फरशीवरून हात फिरवला त्यानं. मग दुसरा हात.

"हे मशीनचं नाही," तो म्हणाला. "हे पायानं झिजलंय."

दारापासून एक वाट निघाली होती. वीतभर रुंद. पाणी तिच्यात साचून राहिलं होतं. भिंतीला लागून गेलेली, कोपऱ्यात वळलेली, खोलीभर हिंडलेली, माघारी फिरलेली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एकदाही पोचली नव्हती.

"एवढं झिजायला…" मिस्त्रीनं बोट घालून त्या वाटेची खोली मापली. "माणसाचा जन्म पुरायचा नाही हो."

मला वाटलं, सायकलवाला रडेल. तो रडला नाही. तो बघत होता, पण त्या वाटेकडे नाही. तिच्या शेजारी.

शेजारी आणखी एक वाट होती. जराशी रुंद. पहिलीला चिकटून चाललेली. ती वळली की वळलेली, ती फिरली की फिरलेली. कुणीतरी हात धरून चालावं तशी.



सायकलवाल्यानं चप्पल काढली. उजवा पाय उचलला आणि त्या दुसऱ्या वाटेतल्या पाण्यात ठेवला.

पाय नेमका बसला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत.