शाफ्टखालचं कडं

सत्तर साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या एस.टी.ने मुमताज नगरला आली आणि थेट खासगी गुप्तहेर आबासाहेब पोटे यांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, माझ्या नवऱ्याला गावानं चावडीत बसवून ठेवलंय. संध्याकाळी कर्जतहून फौजदार येनार हाय. त्यांच्यावर बट्टा लागला, तर परत कोन गाडी देईल त्यांच्या हातात?"

तिचा नवरा अलीम मिरजगावचा मिस्त्री. दसऱ्याला तिथल्या माळावर जीपांची शर्यत लागे. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं, समोरच्या बाभळीशी आधी पोचेल तो जिंकला. यंदा गावातल्या गोरक्षनं लिलावातल्या जीपला ट्रकचं इंजिन बसवलं होतं. ऐन वेगात इंजिनापासून मागच्या चाकांना फिरवणारा तिचा शाफ्ट तुटला, गाडीच्या तळाची फळी फोडून वर आला आणि गोरक्षचा पाय मोडला. तो नगरच्याच दवाखान्यात होता, अजून शुद्धीवर नव्हता.

"शाफ्ट तुटला तरी खाली धरून ठेवायला यांनी लोखंडी कडं बसवलं हुतं," मुमताज म्हणाली. "आता त्याचं खालचं अर्धं गाडीखाली न्हाईच. लोक म्हनतात, बसवलंच नव्हतं."

"पण शाफ्टला कडं बांधल्यावर चाकं फिरणार कशी?" आबासाहेबांचे मित्र छगनराव यांनी विचारलं. छगनरावांची शंका नेहमी थोडी उशिरा आणि थोडी बाजूला पडे.

"बांधत नाहीत हो. शाफ्ट त्याच्या मधून मोकळा फिरतो. उठा, टोपी घाला."

मिरजगावच्या चावडीत अलीम भिंतीला टेकून बसला होता. "अष्टमीला मी सोता चारी बोल्ट आवळले. शर्यतीआधी वाकून बघाया पायजे हुतं, तेवढं चुकलं माझं."

गोरक्षचा प्रतिस्पर्धी सहादेव जीप घेऊन चावडीपुढेच उभा होता. लोक त्याच्याकडेही संशयानं बघत होते, त्यामुळे तो चिडला होता. "मला जिंकायचं हुतं, त्याचा पाय न्हाई मोडायचा! माझ्याकडं बोल्ट खोलायचे पाने हायेत म्हनून मीच चोर व्हय?"

गोरक्षची गाडी त्याच्या घराच्या अंगणात ओढून आणली होती. आबासाहेब खुशाल धोतर सावरून तिच्याखाली शिरले.

"छगनराव, बघा. कड्याचा वरचा अर्धा भाग जागेवर आहे. खालचा अर्धा गायब. आणि चारही बोल्ट परत भोकांत घातलेत. हातानं फिरतात."

"म्हणजे अलीमनं नीट आवळले नव्हते!"

"सैल बोल्टनं रंग खरवडत नाही. इथं बघा, घट्ट आवळलेल्या बोल्टांखालच्या वायसरांनी गोल चकत्या उमटवल्यात."

ओसरीवर गोरक्षची आई राहीबाई शून्यात बघत बसली होती. शेजारी खंडेनवमीची पूजा तशीच होती: पाने, हातोडा, विळे, मधोमध झेंडूचा एक गच्च अर्धगोल हार. फुलं सुकली होती.

"पूजा उचलली नाही, मावशी?" आबासाहेबांनी विचारलं.

"काल दुपारी उचलायची हुती. त्याच्या आधीच हे झालं. कशातच जीव न्हाई."

"विळा नवा दिसतो," छगनराव काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"नवं लोखंड पुजल्याबिगर वापरायचं न्हाई आमच्यात. एकदा पुजलं की दसऱ्याला उचलेपरेंत कुनी हात लावत न्हाई."

थोरला मुलगा आसाराम खांबाशी उभा होता. विहिरीवरचं इंजिन तोच चालवी.

"नवमीला गाडी कुणाच्या ताब्यात होती?" आबासाहेबांनी त्याला विचारलं.

"इथंच हुती. गोरक्ष टायर आनाया जामखेडला गेल्ता, लई उशिरा आला. पर कडं अलीमनंच खाल्लं!"

आबासाहेबांनी अलीमला आणि चार पंचांना तिथंच बोलावून घेतलं.

"कडं बसवलेलं होतं, हे वायसरांच्या खुणा सांगतात. ते काढलं कोणी? वैऱ्यानं काढलं असतं तर बोल्ट शेतात फेकले असते. काढणाऱ्यानं ते जपून भोकांत घातले, कारण त्याला कडं परत बसवायचं होतं. मग बसवलं का नाही? पाने पूजेत गेले म्हणून. बाहेरच्या माणसाला ती अडचण नव्हती, सहादेवकडं स्वतःचे पाने आहेत. म्हणजे काढणारा याच घरातला, आणि काढलं नवमीला, पूजा मांडण्याआधी. आता घरचं माणूस नवं कोरं लोखंड नवमीला गाडीतून कशासाठी काढेल?"

छगनरावांनी हळूच पूजेकडे पाहिलं. या वेळी त्यांची नजर वेळेवर पडली.

"मावशी, तो मधला हार उचला."

राहीबाईनं हार उचलला. खाली कुंकू लावलेलं अर्धं कडं होतं.

"व्हय, मीच म्हनले हुते," ती पुटपुटली. "आसाराम, गाडीतलं नवं लोखंड पूजेला आन. पर तू ते आनलंच न्हाईस, आसंच मला वाटलं. हे इळ्याचंच काय तरी आसंल, म्हनून फुलं घातली."

आसाराम खांब सोडून पुढे आला. "सकाळी लावनार हुतो. पर कडं आन पाने दोन्ही पूजेत. गोरक्ष तर अंधारातच गाडी घेऊन माळावर गेला. म्हनलं, एक शर्यत तर हाय, शाफ्ट काय रोज तुटतो? मग तुटला. तुला कसं सांगू, तुझ्या पूजेपायी झालं म्हनून? अलीमचं नाव निघालं, मी बोललोच न्हाई."

"पाने मागायचे हुते रे मला."

"तू दिले नसते, आई."

"दिले असते! माझ्या हातानं उचलून दिले असते. इचारलं का न्हाईस?"

आबासाहेबांना तेव्हा त्या पोराची मनापासून दया आली, आणि रागही आला.

राहीबाई उठली आणि पंचांसमोर अलीमपुढे उभी राहिली. "फौजदाराला मी सांगते. आमच्याच घरात झालं हे. तुला आमी चोर केलं, बाबा. बोल काय बोलायचं ते."

अलीमनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मावशी, गोरक्षचा पाय हाय ना? कालपासनं इचारतोय, मला कुनी सांगतच न्हाई."

"हाय. कापला न्हाई, ठेवलाय म्हनले डाक्टर."

तेव्हा कुठे अलीम रडला.