बेलापूरला गेलेली कॅसेट

दादाचा टेपरेकॉर्डर पुसून ठेवावा, एवढ्याच कामासाठी मी त्या दुपारी आतल्या खोलीत गेलो होतो.

महेंद्रदादा वकील. भिंगारच्या आमच्या घरात तो कायद्याच्या कॅसेटी भरायचा. लोकांचे प्रश्न, त्याची उत्तरं. प्रती एसटीने गावोगाव जायच्या, हॉटेलवाले गिऱ्हाइकांना ऐकवायचे. प्रश्न वाचायची त्याची ज्युनिअर, दीपा. कोर्टात जाताना स्कूटरवर मागे बसायची तीच. मी नुसतं बटण दाबायचो. चौथीतच शाळा सुटलेली.

"दादा, मी विचारू का रे?"

"आधी नीट वाचायला शीक, जाल्या."

मग ट्रकने त्याची स्कूटर उडवली. आठवडा झाला नाही तोच दीपा दारात. "जालिंदर, शेवटची कॅसेट देशील? आठवण म्हणून."

"हरवली," मी म्हणालो.

भाऊ माझा, आणि आठवण हिला?

आतल्या खोलीत, लष्कराच्या गाड्यांचा आवाज टेपवर येऊ नये म्हणून खिडक्यांवर गोधड्या टांगलेल्या. भर दुपारी आत काळोख, आणि दादाच्या डोक्याच्या तेलाचा वास. चुकून पुसली जाऊ नये म्हणून दादाने त्या शेवटच्या कॅसेटचा कान मोडून ठेवला होता. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. तिचे पाचही प्रश्न पुसले आणि बॅटरीच्या उजेडात, तिच्या प्रश्नांच्या कागदावर अक्षरांखाली बोट फिरवत, माझ्या आवाजात भरले. दादाच्या उत्तरांना हात लावला नाही.

मग कॅसेट लावली. पहिला प्रश्न माझा. मग दादा...

"हं, जाल्या..."

तिथे "हं, दीपा" होतं. पाचही वेळा जाल्या. घाबरायला हवं होतं. मी आनंदाने रडलो.

परवा बेलापूरचा छगन हॉटेलवाला भेटायला आला. याच कॅसेटची त्याची प्रत दादा असतानाच गेलेली, दीपाच्या आवाजातली.

"तुजा आवाज लई झ्याक आलाय," तो म्हणाला. "पर शेवटाला रडत का इचारलंस?"

"काय?"

"सहावा प्रश्न. 'दादा, परत कधी येशील?'"

मी पाचच विचारले होते. "मग... दादा काय म्हणाला?"

"वकीलसाहेबच ते. तारीख दिली की. मंगळवार, दुपारी." छगनचा आवाज खाली आला. "म्हनले... हजर ऱ्हा, जाल्या..."

आज मंगळवार. दीपाला मी सांगितलेलं नाही. तारीख माझी आहे.

बाहेर स्कूटर थांबली... स्टँडला लागली...

पावलं दोघांची आहेत.