तो कोण होता, ते इथे कळेल

तो तिला पहिल्यांदा भेटला एका कमेंटमध्ये, आणि ती कमेंटही कौतुकाची नव्हती. 'कथा छान आहे' एवढं जरी त्याने लिहिलं असतं, तरी ती दिवसभर हवेत राहिली असती. त्याने लिहिलं होतं, "दुसरा भाग कुठे आहे? अर्धा तास शोधतोय."

ती मामाच्या चष्म्याच्या दुकानात काम करायची. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, दांड्या सरळ करायची, आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या कंप्युटरवर बसून 'लेखनघर' नावाच्या साइटवर कथा लिहायची. तिथे कुणी खऱ्या नावाने लिहीत नसे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडून 'धूसर दिसतंय, धूसर दिसतंय' ऐकून ऐकून तिने तेच नाव घेऊन टाकलं होतं. धूसर.

कथा होती एका विसरलेल्या चष्म्याची. दुकानात कुणीतरी चष्मा विसरून जातं आणि दुकानातली मुलगी त्या माणसाला शोधत सगळं शहर पालथं घालते, अशी. तिने ती जीव ओतून लिहिली होती. पण लेखनघरात प्रत्येक भागाचं पान वेगळं असायचं, आणि खाली पुढच्या भागाची लिंक लेखकानेच लावायची असे. इथे तिचं गाडं अडलं होतं. ती पुढच्या पानाचा लांबलचक पत्ता उचलायची आणि तसाच खाली डकवायची. तो पडद्याच्या कडेबाहेर जायचा, अर्धा तुटायचा, आणि दाबला तर कुठेच न्यायचा नाही. वाचक बिचारे पहिला भाग वाचून घरी जायचे. तिला वाटायचं, आपल्यालाच लिहिता येत नाही.

त्या माणसाचं नाव होतं 'तळमजला'.

"लिंक लावता येते का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"लावली आहे की," तिने ठसक्यात लिहिलं.

"ती लिंक नाही. ती वाळत घातलेली दोरी आहे."

तिला राग यायला हवा होता. तिला हसू आलं, तेही मोठ्याने, आणि मामाने भिंगातून मान वर करून पाहिलं.

मग त्याने शिकवलं. जे शब्द वाचकाला दिसायला हवेत ते चौकोनी कंसात, त्याला अगदी चिकटून गोल कंस, आणि त्यात पत्ता. खाली नमुना म्हणून त्याने स्वतः एक करून दाखवला: [पहिला भाग], आणि लगेच गोल कंसात तिच्याच कथेचा पत्ता. साइटने कंस गिळून टाकले आणि वर फक्त निळे, नेटके दोन शब्द उरले. ती त्याच्याकडे पाहतच राहिली.

तिला मात्र ते जमेना. शाळेपासूनची सवय, कंस संपला की बोट आपोआप जागा सोडायचं. त्या एवढ्याशा फटीने सगळं बिघडायचं.

"मधे जागा सोडलीत," तो लिहायचा.

"परत?"

"परत. काही हरकत नाही, मी आहे."

हे 'मी आहे' तिने जरा जास्तच वेळा वाचलं.

त्याच्या शिकवण्यात एक गोष्ट होती, जी तिला फार आवडली. त्याने कधीच 'सोपं तर आहे' असं म्हटलं नाही. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ते सोपं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्याचे नियम होते. 'इथे क्लिक करा' असं लिहायचं नाही. लिंकच्या शब्दांवरून वाचकाला कळलं पाहिजे की आपण कुठे चाललोय. आणि लिंक लावली की आधी स्वतः दाबून बघायची, मग दुसऱ्याला दाबू द्यायची.

"एवढी काळजी?" तिने एकदा विचारलं.

"माझा धंदाच तसा आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. बटण दाबलं की माणूस तिसऱ्या मजल्यावर गेला पाहिजे, मधेच नाही राहिला पाहिजे. दुरुस्ती झाली की आधी मी चढतो. मग लोक."

तेव्हापासून लिफ्टमध्ये शिरताना तिला उगाचच आपल्या माणसाच्या घरात शिरल्यासारखं वाटू लागलं.

हळूहळू गप्पा लिंका सोडून इतर गोष्टींवर गेल्या. 'तुम्ही'चं कधी 'तू' झालं ते दोघांनाही कळलं नाही. चौथ्या भागात तिने दुकानासमोरच्या चौकातलं बंद पडलेलं घड्याळ लिहिलं, ज्याचा एक काटा वाकडा आहे. दुसऱ्या दिवशी त्याची कमेंट आली. "तो काटा मला लिफ्टच्या वरच्या खोलीतून दिसतो. आत्ताही दिसतोय. पाऊस पडतोय त्याच्यावर."

तिने दुकानाच्या काचेतून बाहेर पाहिलं. पाऊस पडत होता. काट्यावरून थेंब निथळत होते. म्हणजे तो... इथेच होता. याच शहरात, याच पावसात, कुठल्यातरी छतावर. तिच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि मामाला तो खुर्चीखाली वाकून शोधावा लागला.

"तुझाच नंबर वाढलाय का गं?" मामा गुडघे झाडत म्हणाला. "हल्ली समोरचं दिसत नाही तुला."

तिने त्याच्या हातातला स्क्रू घेतला. काय सांगणार? की तो भेटू या म्हणाला नाही, आणि मीही म्हटलं नाही? तिला तो आवडत होता, हे तर उघडच होतं. पण एक शंका तिला आतून कुरतडत होती. लेखनघरात नवशिक्यांसाठी एक पान होतं, तिथे नवीन आलेल्या प्रत्येकालाच तो असं शिकवायचा. तितक्याच शांतपणे, तितक्याच मायेने. 'मी आहे' हे तो सगळ्यांनाच लिहीत असेल. मग आपण काय, रांगेतली आणखी एक. हे विचारायचं कसं, आणि उत्तर 'हो' आलं तर तोंड कुठे लपवायचं?

म्हणून तिने विचारलं नाही. बोलता बोलता मात्र ती त्याला टोचून पाहायची.

"सगळ्यांच्या कमेंटा तूच वाचतोस?"

"वाचतो. मोबाइल लांब धरावा लागतो. कंस गोल की चौकोनी ते जवळून कळतच नाही."

"मग चष्मा कर की."

"चष्म्याच्या दुकानात जायची भीती वाटते."

"का?"

तो लिहीत असल्याचे तीन ठिपके आले. थांबले. परत आले. मग नुसतंच, "आत गेलो तर काय बोलायचं ते सुचणार नाही."

याचा अर्थ काय घ्यावा हे तिला समजलं नाही. समजलं होतं, पण विश्वास ठेवायची हिंमत झाली नाही.

कथेचा शेवट लिहून झाला त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. शेवटच्या पानाखाली आभार मानायचे असं तिने ठरवलं होतं. 'ज्याने मला जोडायला शिकवलं त्या तळमजल्याचे आभार', आणि त्याच्या नावावर त्याच्या पानाची लिंक. तिने त्याच्या पानाचा पत्ता कॉपीसुद्धा केला. मग ते वाक्य तिने परत वाचलं आणि तिचे कान तापले. लोक काय म्हणतील? तो काय म्हणेल? तिने आभार पुसून टाकले, शेवट प्रसिद्ध केला, आणि आधीच्या भागाखाली त्या शेवटाची लिंक लावायला गेली.

त्या आधीच्या भागाचं शेवटचं वाक्य होतं: 'चष्मा कुणाचा, ते तिला आता नक्की ठाऊक होतं.' त्याखाली तिने गुरूच्या नियमाप्रमाणे, वाचकाला नीट कळेल असे शब्द लिहिले: 'तो कोण होता, ते इथे कळेल.' चौकोनी कंस, चिकटून गोल कंस, मधे फट नाही. पत्ता डकवला. आता एकदा दाबून बघणार, तेवढ्यात दारात एक आजोबा भिजलेला चष्मा पुसत उभे राहिले, आणि ती उठली.

आजोबांची दांडी बसवून ती परतली तेव्हा कमेंटांचा पाऊस पडला होता.

सगळ्यात वर होती 'मिरची', तिची पहिल्यापासूनची वाचक. "अगं धूसर, आम्हाला कधीचंच ठाऊक होतं. पण असं चारचौघांत सांगशील असं नव्हतं वाटलं."

तिने लिंक दाबली. शेवटचा भाग उघडला नाही. उघडलं ते तळमजल्याचं पान. शेवटच्या पानाचा पत्ता तिने कॉपी केलाच नव्हता. आभारांसाठी उचललेला पत्ता तसाच राहिला होता, आणि तोच इथे येऊन बसला होता. तो कोण होता, ते इथे कळेल... आणि सगळ्या लेखनघराला कळलं होतं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिने लिंक दुरुस्त केली. पण ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघून घेतलं होतं. फक्त एकाचीच कमेंट नव्हती. त्याची. एरवी जागा सुटली तरी लगेच धावून येणारा माणूस आज चिडीचूप होता. संध्याकाळ व्हायला आली तरी काही नाही. तिने 'ते चुकून झालं, माफ कर' असं लिहिलं, पुसलं, आणि ठरवलं, की आता लेखनघर बंद. मामा बरोबर म्हणाला होता, समोरचं दिसत नाही आपल्याला.

तेवढ्यात मिरचीचा खाजगी निरोप आला. "रडत बसली असशील. त्याचा नमुना कधी दाबून बघितलास का?"

कसला नमुना? ती नवशिक्यांच्या पानावर गेली. तिथे त्याने कुणाकुणाला दिलेले धडे एकाखाली एक पडले होते. कवितावाल्या काकू, नवा कॉलेजकुमार, प्रवासवर्णन लिहिणारे निवृत्त मास्तर. प्रत्येकाला त्याने चौकोनी कंस समजावला होता, गोल कंस समजावला होता, आणि खाली नमुना म्हणून एक लिंक करून दिली होती. असा नमुना कुणी दाबत नाही, त्याचा नुसता साचा बघायचा असतो. तिने काकूंचा नमुना दाबला.

विसरलेला चष्मा, पहिला भाग.

कॉलेजकुमाराचा दाबला. विसरलेला चष्मा. मास्तरांचा दाबला. विसरलेला चष्मा. तिला शिकवल्यानंतर त्या घरात जो जो शिकायला आला, त्या प्रत्येकाच्या हातात त्याने तिची कथा ठेवली होती, कुणाला न सांगता, तिलाही न सांगता. डोळे भरून आले आणि निळी अक्षरं खरोखरच धूसर झाली. ती रांगेतली आणखी एक नव्हती. ती रांग तिच्याच दाराशी येऊन थांबत होती.

तिने नाक पुसलं. त्याच पानावर, नवशिक्यासारखी, खाली एक ओळ लिहिली. "जमलंय का बघा: 'उद्या दुपारी डोळे तपासायला या.'" त्या शब्दांमागे तिने दुकानाचा पत्ता असलेला नकाशा जोडला. आणि प्रसिद्ध करण्याआधी नियमाप्रमाणे स्वतः दाबून बघितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाची भुरभुर होती. दार ढकलून एकजण आत आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, बोटांना ग्रीसचे डाग, केसांत पाणी. तो पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसत राहिला, की शेवटी मामाच म्हणाला, "बास हो, झिजेल ते. बसा."

मामाने त्याला खुर्चीत बसवलं. तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवायचं काम तिचं. ती पुढे झाली. तिची बोटं त्याच्या कानामागे टेकली आणि दोघांनीही श्वास रोखला.

"खालची ओळ वाचा," मामा म्हणाला.

"दिसत नाही."

"अहो, तिच्याकडे बघून कसं दिसेल? तक्ता भिंतीवर आहे."

ती खाली मान घालून हसली. मामाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि आतल्या खोलीत भिंगं शोधायला गेला. ती भिंगं समोरच्याच खणात होती.

"काल उत्तर का नाही दिलंस?" तिने हळूच विचारलं.

"लिंक दाबत होतो."

"कुठली?"

"तुझीच. चुकलेली. दाबली की माझ्याच पानावर यायचो. परत मागे जायचो, परत दाबायचो." तो त्या जड फ्रेमला हात लावत म्हणाला. "तू दुरुस्त करणार हे माहीत होतं, म्हणून ते जुनं पान नव्याने उघडलंच नाही. म्हटलं, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा..."

"आणि माझी कथा नमुना म्हणून वाटत होतास ती?"

"नमुना चांगलाच द्यावा लागतो." तो थांबला. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि तरी तो बोलला. "तू आवडतेस मला. कथा वाचली तेव्हापासून. खोटं सांगत नाही... दुसरा भाग मिळेना तेव्हा झोप लागली नव्हती."

तिला एवढंच ऐकायचं होतं. आतल्या खोलीत मामा उगाचच खण उघडबंद करत होता.

"ती लिंक दुरुस्त केलीस ना?" त्याने विचारलं.

"केली."

"दिवसभर बिघडलेलं दुरुस्त करत फिरतो मी. ती एक तशीच राहिली असती तर चाललं असतं."

 ती तशीच कंप्युटरपाशी गेली, कथेचं शेवटचं पान उघडलं आणि अगदी खाली पुन्हा एकदा तेच शब्द लिहिले. तो कोण होता, ते इथे कळेल. चौकोनी कंस, गोल कंस, त्यात त्याच्या पानाचा पत्ता. या वेळी न चुकता, मुद्दाम. तो नाकावरच्या भल्या मोठ्या फ्रेमसकट तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि वाकून कंस तपासू लागला.

तिने माउस त्याच्याकडे सरकवला.

"तूच दाबून बघ," ती म्हणाली.